न वाचण्याचा हक्क

दिवाळी अंकात अंध माणसाविषयी लेख यायचा म्हणजे त्याची सुरुवात कशी व्हायची हे ठरून गेलेले आहे. आधी आकाशकंदील, मग पणत्यांच्या रांगा, आणि मग 'परंतु ज्यांच्या आयुष्यात' या शब्दांनी सुरू होणारे एक लांबलचक वाक्य. वाचकाचे डोळे पाणावतात, तो चकलीचा तुकडा मोडतो आणि पान उलटतो. मला तसला लेख लिहावयाचा नाही. मला भांडावयाचे आहे. आणि माझे भांडण सुशिक्षित, सुस्वभावी, घरातल्या वृद्धांची काळजी वाहणाऱ्या डोळस माणसांशीच आहे. त्यांत मी स्वतःही आलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझे मामा पूर्णगडला राहतात. रत्नागिरीहून पावस मागे टाकून पुढे गेले की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी टेकडीवर एक आटोपशीर किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्याला गाव. मामा शाळामास्तर होते. वर्तमानपत्र रत्नागिरीहून एस.टी.ने येई आणि मामा ते पहिल्या पानापासून शेवटच्या जाहीर नोटिशीपर्यंत पाहत. पुढे काचबिंदूने दोन्ही डोळे नेले. तेव्हा आम्ही घरच्या मंडळींनी वाचून दाखवण्याच्या पाळ्या लावल्या. सकाळी मामी, दुपारी सून, आणि सुटीत गेलो की मी. आपण केवढे पुण्य जोडीत आहोत, असे आम्हांला वाटे.

एकदा मे महिन्यात मी ओटीवर बसून वाचत होतो. मामांनी मध्येच हात वर केला.

"तू आत्ता काहीतरी सोडलेस."

"नाही मामा."

"सोडलेस. पान उलटल्याचा आवाज आला, आणि त्याआधी तू जरा थांबला होतास. काय होते तिथे?"

तिथे निधनवार्ता होत्या. मामांचे मन हळवे झाले आहे, त्यांना त्या वाचून दाखवायच्या नाहीत, असे घरात ठरले होते. त्या दिवशी त्यांनी खोदून खोदून विचारले तेव्हा बाहेर आले की, त्यांच्याबरोबर वीस वर्षे एका शाळेत शिकवलेले त्यांचे स्नेही तीन महिन्यांपूर्वीच वारले होते. घरात सर्वांना ते ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एकट्या मामांना. त्या घरी ना त्यांचे दोन ओळींचे पत्र गेले, ना फोन गेला.

"काय म्हणाली असतील ती माणसे मला?" मामा एवढेच म्हणाले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुम्ही मला माझा पेपर वाचून दाखवत नाही. तुमचा पेपर मला ऐकवता."

या वाक्याचा विचार मी गेली कित्येक वर्षे करीत आहे. डोळस माणूस वर्तमानपत्र वाचतो म्हणजे काय करतो? तो त्याचा बहुतेक भाग वाचीतच नाही. नजर मथळ्यांवरून फिरते, जाहिराती ओलांडते, खेळाचे पान उडवते आणि एखाद्या कोपऱ्यातल्या चार ओळींवर जाऊन बसते. सगळा पेपर दहा मिनिटांत 'वाचून' होतो, कारण त्यातला नऊ दशांश गाळलेला असतो. हे गाळणे हाच वाचनाचा प्राण आहे. काय वाचायचे याइतकेच काय वाचायचे नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. वाचून दाखवणारा माणूस भेटला की हा हक्क त्याच्याकडे जातो. तो दुष्ट असावा लागत नाही. प्रेमळ असला तर तो अधिकच गाळतो!

पुढे मुंबईहून आलेल्या नातवाने एक जुना संगणक आणला आणि त्यावर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर बसवून दिला. पडद्यावरची अक्षरे आवाजात बोलून दाखवणारा हा प्रोग्राम. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले, जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि तो जगातल्या कोणालाही फुकट मिळावा असे त्यांनी ठरवले. त्याच्यासोबत येणारा ईस्पीक नावाचा आवाज मराठीही वाचतो. आवाज गोड नाही. मामींनी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्या म्हणाल्या, "डब्यात खडे घालून हलवल्यासारखे वाटते." मामांनी त्याची गती वाढवत वाढवत अशी केली आहे की आता आम्हांला त्यातले अक्षर कळत नाही. त्यांना सगळे कळते.

परंतु भराभर बोलणारा आवाज म्हणजे भराभर वाचन नव्हे. सगळे भराभर ऐकावे लागणे हीही शिक्षाच आहे. एखाद्या दैनिकाचे संकेतस्थळ वरपासून खालपर्यंत ऐकून पाहा: मेनू, जाहिरात, पुन्हा जाहिरात, 'बटण, बटण, बटण', मग कुठेतरी बातमी. मामांची खरी सुटका फीडने केली. बातम्यांचे संकेतस्थळ आपल्या ताज्या बातम्यांची एक साधी यादी वेगळी ठेवते. तीत मथळा, वेळ आणि थोडा मजकूर एवढेच असते. १९९९ साली निघालेल्या या पद्धतीचे इंग्रजी नाव आर.एस.एस. असे आहे. त्यावरून आपल्याकडे भलताच समज होतो, पण तिचा नागपूरशी काही संबंध नाही. समाजमाध्यमांवरच्या हल्लीच्या 'फीड'शीही तिची गल्लत करू नये. तिथे तुम्हांला काय दाखवायचे ते कंपनी ठरवते. ही यादी बातमी जशी आली तशी ओळीने ठेवते. कोणाची हवी आणि कोणाची नको ते वाचणारा ठरवतो.

मामांची सकाळ अशी असते. ई-मेल वाचण्याच्या थंडरबर्ड नावाच्या प्रोग्रामात त्यांनी चार-पाच ठिकाणच्या फीड घालून घेतल्या आहेत. बातम्या पत्रांसारख्या एकाखाली एक येऊन पडतात. खालच्या बाणाची कळ दाबली की एक मथळा. पहिल्या तीन शब्दांत अंदाज आला की पुन्हा कळ, आणि तो मथळा अर्ध्यावरच तुटतो. हवी ती बातमी आली की एंटर. एन दाबले की पुढची न वाचलेली. कंट्रोल दाबले की आवाज जागच्या जागी गप्प. पूर्ण बातमीसाठी संकेतस्थळावर जावेच लागले, तर एच ही कळ मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारते आणि मधला बाजार चुकवते. मग चहा येईपर्यंत पन्नास-साठ मथळे झालेले असतात आणि पाच बातम्या पुरत्या वाचून झालेल्या असतात. मामी विचारतात, "काय आहे आज?" आणि आता मामा त्यांना सांगतात. तेही त्यातले काही गाळत असतील! मला त्याचा आनंदच वाटतो.

इथपर्यंत सारे ठीक होते. भांडण आता सुरू होते.

मामांना वॉशिंग्टनमध्ये कोण काय बोलले ते पहिल्या पाच मिनिटांत कळते. उद्या गावात दिवसभर वीज नाही हे मात्र कळत नाही. कारण ती सूचना कोणीतरी कागदावर छापून, तिचा फोटो काढून मोबाइलवरच्या गावच्या गटात टाकलेला असतो. स्क्रीन रीडर तिथे येऊन म्हणतो, 'चित्र'. समुद्रात वादळाचा इशारा: चित्र. ग्रामसभेची नोटीस: चित्र. आणि ज्या निधनवार्तांवरून हे सगळे रामायण झाले, त्या? त्या फीडमध्ये येत नाहीत. त्या येतात जिल्ह्याच्या पानावर, आणि ते पान येते ई-पेपर होऊन, म्हणजे पानाचा फोटो होऊन. मामांना दूरचे सगळे वाचता येते आणि उंबरठ्याजवळचे काही वाचता येत नाही. गावातल्या मरणाची बातमी त्यांना आजही आमच्याच तोंडून कळते. कळली तर.

आणि हे कोणत्या मुलखात? ज्या मुलखाने मराठीला वर्तमानपत्र दिले त्या मुलखात! ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ते गाव आज सिंधुदुर्गात असले तरी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. १८८१ साली 'केसरी' ज्यांच्या पुढाकाराने निघाला त्या टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. त्या काळी गावात पेपर येई एक आणि वाचणारा असे एखादा. बाकीचे पारावर बसून ऐकत. म्हणजे कानाने बातमी घेणे हे मराठी माणसाला मुळीच नवे नाही. त्यातून बाहेर पडून प्रत्येकाने आपापले वाचावे, यासाठीच तर पुढे गावोगाव शाळा निघाल्या. मामांसारख्याला मात्र आपण पुन्हा पारावर नेऊन बसवतो आणि त्याला सेवा म्हणतो.

यावर काय उत्तरे येतात ती मला पाठ आहेत.

पहिले उत्तर: रेडिओ आहे, ब्रेल आहे. आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, तो मराठी पत्रकारितेच्या इतिहासातला मानाचा दिवस समजला पाहिजे. परंतु पाक्षिकातून उद्याची वीज कळत नाही, आणि साठीनंतर दृष्टी गेलेल्या माणसाच्या बोटांना ब्रेल सहसा वळत नाही. रेडिओचे म्हणाल, तर त्याला 'पुढची सांगा' असे म्हणता येत नाही.

दुसरे उत्तर: आता चित्रातलीही अक्षरे ओळखणारी यंत्रे निघाली आहेत. निघाली आहेत, आणि मामा तीही वापरून पाहतात. एका रकान्यातले वाक्य दुसऱ्या रकान्यात घुसते, जोडाक्षर फुटते, आणि श्रद्धांजली कोणाला व अभिनंदन कोणाचे याचा घोटाळा होतो. यंत्रे उद्या आणखी सुधारतील. पण मुळात हे अक्षर कोणीतरी कळा दाबूनच उमटवलेले होते ना? ते शाबूत असताना त्याचे चित्र करायचे, आणि मग त्या चित्रावरून मूळ अक्षर काय असावे याचा तर्क करायला दुसरे यंत्र बसवायचे, याला काय म्हणावे? सोललेला नारळ पुन्हा सोडणात गुंडाळून द्यायचा आणि वर कोयता फुकट देतो म्हणून सांगायचे, तसे हे झाले.

तिसरे उत्तर: अक्षर मोकळे दिले तर चोरी होते. चोर चित्रही चोरतो. अडतो तो वाचक.

चौथे उत्तर कोणी उघड बोलत नाही, पण खरे उत्तर तेच आहे: अशी माणसे असून असून किती असणार? २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या पन्नास लाखांवर होती. आणि त्यांत तुमची-माझी गणना नव्हती, कारण आपण अजून म्हातारे झालेलो नव्हतो.

कायद्याला हे केव्हाच पटलेले आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचे बेचाळिसावे कलम सांगते की, ध्वनी, छपाई आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर त्यांना वापरता येईल अशा रूपात मिळावा म्हणून सरकारने उपाय योजले पाहिजेत. सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीपुरते ठेवून भागणार नाही, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितले. आणि डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ३० एप्रिल २०२५ रोजी. परंतु आपला गट काही न्यायालय चालवीत नाही. तो आपण चालवतो. सूचनेचा फोटो टाकणारा अंगठा आपला असतो.

म्हणून मागणे मोठे नाही. संपादकांनी फीड बंद करू नये, आणि जिल्ह्याच्या पानालाही ती द्यावी. गूगलने आपला फीड वाचण्याचा प्रोग्राम १ जुलै २०१३ रोजी बंद केला तेव्हा पुष्कळांना वाटले की हा प्रकार संपला. तो संपलेला नाही, कारण माणसे ती वाचत आहेत. निधनवार्ता, वीज, पाणी, एस.टी.च्या वेळा हे आधी अक्षरांत द्यावे. सजावट मागाहून करावी. आणि घरोघरच्या मंडळींनी फोटो टाकलाच तर त्याखाली दोन ओळी टाइप कराव्यात. शुभेच्छांचे चित्र पाठवण्यापूर्वी निदान आपले नाव तरी अक्षरांत घालावे. गेल्या दिवाळीत मामांना आलेल्या शुभेच्छांपैकी बहुतेक 'चित्र' या एकाच गृहस्थाकडून आल्या होत्या.

हा लेख मी संपादकांना देण्यापूर्वी मामांना पाठवला. अर्थात टाइप केलेला. दुसऱ्या दिवशी फोन केला आणि विचारले, "मामा, वाचलात का?"

"वाचला," ते म्हणाले. "दोन ठिकाणी लांबड लावली आहेस. तेवढे मी गाळले."

कोणत्या दोन ठिकाणी, ते मी विचारले नाही.