गोड कुणाच्या कानाला?

गाण्याच्या आवाजावरून हल्ली घरोघरी वाद झडतात. थोरल्यांना तबकडी आणि कॅसेट ‘भरदार’ वाटते, पोरांना मोबाईलवरचं ‘क्लिअर’. आमच्याकडे हा वाद दोन भाषांत चालतो. थोरले बंधू म्हणतात, ‘‘यात तंबोरा कुठं आहे?’’ पुतण्या म्हणतो, ‘‘काका, त्यात नुसती खरखर आहे.’’ आणि धारवाडच्या वहिनी दोघांनाही गप्प करतात, ‘‘एरडू भाळ चलो!’’

वहिनींचं म्हणणं वाटतं तितकं गमतीचं नाही. मोजमापाने पाहिलं तर १९८२ साली आलेली सीडी एलपीपेक्षा स्वच्छ आहे. तरीही एलपी अनेकांना गोड लागते. सुई आणि तबकडी मूळ आवाजात किंचित भर घालतात, आणि तीच भर कानाला ऊबदार वाटते. ज्या आवाजावर आपला कान लहानपणी बसला, तो आपल्याला खरा वाटतो. शिवाय वयाबरोबर वरच्या पट्टीचे बारीक ध्वनी ऐकू येणं कमी होतं. म्हणजे काका आणि पुतण्या एकाच खोलीत बसूनही एकच गाणं ऐकत नसतात.

गंगूबाई हनगल यांच्या १९३०च्या दशकातल्या, ‘गांधारी’ या नावाने निघालेल्या तबकड्या ऐका. आवाज बारीक आणि उंच. पुढचा भारदस्त आवाज ओळखीचा असलेला माणूस पटकन म्हणतो, तबकडी जलद फिरतेय. पण तो आवाज त्यांचाच. घशावरच्या उपचारांनंतर तो खाली आला. आपली अपेक्षा आपल्या कानालाही फसवते.

ज्यांना घरातला वाद मिटवायचा आहे, त्यांनी एक करून पाहावं. एकच गाणं दोन यंत्रांवर लावावं, पण आवाजाची पातळी अगदी सारखी ठेवून; कारण जरासं मोठ्याने वाजलेलं नेहमीच सरस वाटतं. ऐकणाऱ्याने पाठ करून बसावं, काय वाजतंय ते सांगू नये. पाच-सहा वेळा अदलाबदल झाली की ठाम मतं बरीच मवाळ होतात.

मात्र एका बाबतीत मी बंधूंच्या बाजूचा. आमच्या वडिलांनी आकाशवाणी धारवाडवरून टेप केलेल्या कॅसेट पुतण्याने संगणकावर घेतल्या. छान केलं. पण खरखर काढताना तंबोऱ्याची जवारीही पुसट झाली. दोन्ही एकाच वरच्या भागात राहतात, यंत्राला नेमका फरक कळत नाही. म्हणून त्याला सांगितलं, साफ केलेली प्रत खुशाल ऐक, पण न साफ केलेली एक प्रत जपून ठेव, आणि कॅसेट भंगारात देऊ नकोस.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पेटी असेल. टेप कायम टिकत नाही. तिच्यातलं गोड काय आणि खरखर काय, हे नातवंडांचे कान ठरवतील. त्यांच्यापर्यंत ती सगळी पोचायला हवी.