मुद्रा खरी, हात कोणाचा?

भिलाईतील खुर्सीपारच्या कडेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ मराठी माणसाला परका नाही. धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा येऊन तोच पुढे दुर्ग-भिलाईवरून रायपूरला जातो. या रस्त्यावरील जवळजवळ प्रत्येक मालमोटारीच्या काचेवर आज फास्टॅगची पट्टी आहे; १५ फेब्रुवारी २०२१च्या मध्यरात्रीपासून ती सक्तीची झाली. तिच्यात विद्युतघट नसतो. नाक्यावरील वाचकयंत्राच्या रेडिओलहरींतूनच तिला बळ मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. विचारणारा कोण, याची चौकशी ती करीत नाही.

जून २०२२मध्ये एक चित्रफीत देशभर फिरली. काच पुसणारा मुलगा मनगटावरील घड्याळाने फास्टॅगमधील पैसे चोरतो, असा तिचा आशय होता. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तो खोटा ठरविला, आणि ते यथार्थच होते. कारण पैसा पट्टीत नसून खात्यात असतो, आणि नोंदणी झालेल्या व्यापाऱ्यावाचून इतर कोणाच्या मागणीने ते खाते उघडत नाही. मात्र लोकांनी संशयासाठी फडके हाती घेतलेले पोरच निवडावे, हे विसरण्याजोगे नाही.

खरा धोका कोठे आहे, हे विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त अधिक नेमके दिसते. तेथे राक्षसाची मुद्रा बनावट नाहीच. ती चाणक्याच्या हाती पडते, तिचा ठसा कपटाने लिहविलेल्या पत्रावर उमटतो, आणि मलयकेतूचा राक्षसावरील विश्वास उडतो. उलट ‘शाकुंतला’त अंगठी हरवताच समोर उभी असलेली स्त्रीच अनोळखी ठरते. खूण माणसाची जागा घेते, ती अशी. काचेवर न चिकटवता हाती धरून दाखविल्या जाणाऱ्या फास्टॅगांना काळ्या यादीत टाकण्याचे धोरण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५मध्ये जाहीर केले, तेही याच प्रश्नातून. पट्टी खरी असते. वाहन तेच आहे, याची ग्वाही ती देऊ शकत नाही.

प्रत मुद्रेचीही काढता येते. नेदरलंड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८मध्ये ‘मायफेअर क्लासिक’ या प्रवासपत्रांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या चकतीची गुप्तता भेदली. उत्पादक कंपनी प्रकाशन रोखण्यासाठी न्यायालयात गेली. न्यायालयाने त्याच वर्षीच्या जुलैत तिची मागणी नाकारली. तो निर्णय योग्य होता, असेच म्हणावे लागेल. दोष झाकून ठेवणाऱ्याला सुरक्षा हवी नसते, प्रतिष्ठा हवी असते.

याहून अवघड प्रश्न चोरीचा नाहीच. पट्टी अस्सल, वाहन तेच, यंत्रही अधिकृत. तरीही प्रत्येक नाक्यावरील वेळ कोठेतरी लिहिली जाते. नागपूरहून भिलाईला लोखंड न्यायला निघालेल्या मालमोटारीने नाका ओलांडला, की संदेश फास्टॅगशी नोंदलेल्या दूरध्वनीवर जातो. तो बहुधा मालकाचा असतो. चालकाच्या हालचालींची ही वही किती दिवस ठेवावी आणि कोणी उघडावी, हे चालकाला कोणी विचारलेले नाही.