धर्मशिक्षणाचे घोडे अडले कोठे?

१९९७ साली पुणे महापालिकेत सामावलेले खराडी गाव आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या मनोऱ्यांनी ओळखले जाते. गावोगावची सुशिक्षित कुटुंबे येथे स्थिरावली आहेत आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या टोलेजंग शाळाही आहेत. अशा शाळांच्या वेळापत्रकात रोबोटिक्सला तास मिळतो, जर्मनला मिळतो. धर्माच्या अभ्यासाला मात्र सहसा मिळत नाही.

याच वसाहतीतील एखादा अभियंता सहकुटुंब इंग्लंडला गेला तर? तेथे १९४४च्या कायद्यापासून सरकारी शाळांत धर्मशिक्षण बंधनकारक आहे. पाल्याला त्यातून वगळण्याची मुभा पालकांना आहे. १९८८च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेला अग्रस्थान देतानाच इतर प्रमुख धर्मांची दखल घेणेही आवश्यक ठरविले. तेथील माध्यमिक परीक्षेत हिंदू धर्म हा अभ्यासाचा एक पर्याय आहे. कर्म आणि मोक्ष यांवरील उत्तरे मराठी मुलाने लंडनमध्ये लिहावीत आणि आळंदीपासून हाकेच्या अंतरावरील खराडीत त्याला ज्ञानेश्वरीचे केवळ नाव ठाऊक असावे, याला काय म्हणावे?

‘राज्यघटना आड येते’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अर्धसत्य आहे. अनुच्छेद २८ने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मोपदेशाला मनाई केली आहे. मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळांत त्याची सक्ती करता येत नाही, अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. परंतु धर्मोपदेश वेगळा आणि धर्मांचा अभ्यास वेगळा. १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला आणि धर्मांविषयीच्या शिक्षणाचा समावेश असलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा वैध ठरविला. त्या आराखड्यामागे ज्या संसदीय समितीच्या १९९९च्या शिफारशी होत्या, तिचे अध्यक्ष शंकरराव चव्हाण होते. त्यांना तरी कोणी ‘भगवे’ म्हणणार नाही! मग ‘भगवेकरणा’ची ओरड करणाऱ्या पुरोगाम्यांचा आक्षेप नेमका कशाला आहे?

तथापि सारा दोष त्यांच्या माथी मारून हात झटकणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. २०२४च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या शालेय आराखड्याचा मसुदा आला. गीतेचा अध्याय आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना त्यात होती; पण मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाला मनुस्मृतीतील श्लोक जोडला गेला. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले, तेथे याचे पडसाद काय उमटतील, हे मसुदाकारांना उमगू नये? वाद पेटला, सरकारला खुलासे करावे लागले आणि मूळ विषय बाजूला पडला. विरोधकांना जे साधले नसते, ते नियोजनाच्या ढिसाळपणाने साधले.

लोकमान्यांनी १९०८ साली बार्शीच्या व्याख्यानात राष्ट्रीय शिक्षणाचे घटक मांडताना धर्मशिक्षणाला प्रमुख स्थान दिले होते. शतक उलटले, तरी हिंदू संस्थांच्या बहुतेक शाळांत ते गणेशोत्सव आणि गीतापठण स्पर्धा यांपुढे सरकलेले नाही. ख्रिस्ती मिशनरी शाळांत मात्र कॅथलिक मुलांसाठी इयत्तावार धर्मपाठ आणि इतरांसाठी नीतिशिक्षणाचा तास असतो. त्यांचा हेवा करण्यापेक्षा त्यांची शिस्त घ्यावी.

आठवी ते दहावीसाठी आठवड्याला एक तास, त्याचे लेखी पाठनियोजन, पालकांची लेखी संमती आणि या सर्वाची जबाबदारी वाहणारा एक प्रशिक्षित विषयप्रमुख, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. उरलेला तास दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाच्या गळ्यात मारून हे काम होणार नाही. अभ्यासात उपनिषदे हवीत, तशीच चोखोबा-जनाबाईंची अभंगवाणी हवी. बुद्ध, महावीर, नानक हवेत, इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माची यथार्थ ओळखही हवी. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसविणारा शिक्षक मात्र तेथे नको. ज्या परंपरेने नचिकेत्याला प्रश्न विचारू दिले, तिला प्रश्नांचे भय कसले?

शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आणि पालक-शिक्षक संघांत आपले कार्यकर्ते आहेत, शुल्क भरणारे पालकही आपलेच आहेत. येत्या जूनच्या वेळापत्रकात हा तास दिसला नाही, तर दोष घटनेला देता येणार नाही.