वहिनीने 'आमेन' म्हटलं नाही

काल रविवारी उपासनेनंतर साक्षी झाल्या. आमच्या मंडळीत महिन्यातून एकदा हा कार्यक्रम असतो. एक तरुण मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "माझी नोकरी गेली, त्याबद्दल मी प्रभूची स्तुती करतो." सगळ्यांनी जोरात हालेलूया म्हटलं. मी नाही म्हटलं. मी त्याचे हात बघत होतो. पुढच्या खुर्चीची पाठ त्याने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. घरी दोन महिन्यांचं बाळ आहे त्याच्या.

घरी आलो, जेवलो, आणि दुपारभर अस्वस्थ होतो. म्हणून हे लिहितोय. आमच्यातल्या काही जणांना आवडणार नाही, माहीत आहे.

२०२१ च्या मे महिन्यात माझा दादा गेला. कोरोनाची दुसरी लाट. त्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायची गरज नाही. कब्रस्तानात आम्ही चौघंच होतो. तिसऱ्या दिवशी झूमवर प्रार्थनासभा झाली. तीसेक चौकोन, त्यातल्या एका चौकोनात वहिनी. सभा चालवणाऱ्या भावाने सुंदर प्रार्थना केली, आणि शेवटी म्हणाला की या घटनेबद्दलही आपण देवाचे आभार मानू या, आणि ताईंनी स्वतःच्या तोंडाने आमेन म्हणावं. वहिनीने माइक चालू केला. तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता, बाकी काही नाही. अर्धा मिनिट असेल, पण फार लांब वाटलं. मग तिने माइक बंद केला.

त्यानंतर कुजबुज सुरू झाली. विश्वास कमी पडतोय, मन कठीण झालंय वगैरे. आणि मी काय केलं? संध्याकाळी तिला फोन केला आणि म्हटलं, "वहिनी, नुसतं तोंडाने म्हणा, मन मागून येईल." ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या दादांनी वीस वर्षं संडेस्कूलमध्ये मुलांना शिकवलं की खोटं बोलू नये. आता मी देवाशीच खोटं बोलू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे, पण ते तिच्या बाजूचं आहे.

वाईट घटनेबद्दलच देवाला धन्यवाद द्यायचे, ही शिकवण आपल्याकडे एवढी कशी पसरली? इतर कारणंही असतील, पण एक पुस्तक मला चांगलं आठवतं. मर्लिन कॅरोथर्स नावाच्या अमेरिकन लष्करातल्या धर्मोपदेशकाने १९७० साली 'प्रिझन टू प्रेज' लिहिलं. पातळसं पुस्तक, जगभर खपलं. जे घडतं त्या प्रत्येक गोष्टीबद्दल, दारूड्या नवऱ्याबद्दल आणि आजाराबद्दलसुद्धा, देवाची स्तुती करा, असा त्याचा रोख. कॉलेजात असताना मी ते एका रात्रीत वाचलं होतं आणि भारावलो होतो. त्यात तथ्य नाही असं मी आजही म्हणणार नाही. माणूस दुःख चघळत बसला की आतून सडतो, हे खरंच आहे. आईच्या शेवटच्या आजारात ती पहाटे गाणी म्हणायची आणि घरातली हवा बदलायची, हे मी स्वतः पाहिलंय. पण आईला कोणी उभं करून म्हणायला लावलं नव्हतं! फरक सगळा तिथे आहे.

तुम्ही म्हणाल, शास्त्रात लिहिलंय. बरं, शास्त्रच बघू. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं ते कोणत्याही परिस्थितीत असलात तरी आभार माना, असं. त्या परिस्थितीबद्दल माना, असं नाही. एका शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दात विधवा चिरडली जाते. (इफिसकरांच्या पत्रात सगळ्याबद्दल आभार मानण्याचा उल्लेख आहे, तो मी लपवत नाही. पण तिथे मंडळी एकत्र गाते आहे. कबरीची माती ओली असताना एकटीला धरून म्हणायला लावलेलं ते वाक्य नव्हे.)

ईयोबाचं उदाहरण तर आपण नेहमी अर्धं देतो. मुलं गेली, गुरं गेली, तरी त्याने देवाचं नाव धन्य मानलं, इथे आपला उपदेश संपतो. तो पहिला अध्याय झाला हो! तिसऱ्या अध्यायात हाच माणूस आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे पानंच्या पानं देवाशी भांडतो. मित्र येतात. पहिले सात दिवस ते गप्प बसतात, आणि माझ्या मते तेवढंच एक शहाणपणाचं काम ते करतात. मग तोंड उघडतात आणि देवाची बाजू घेऊन ईयोबाला झोडतात. शेवटच्या अध्यायात देव कोणावर रागावतो? भांडणाऱ्यावर नाही. त्याची बाजू घेणाऱ्या या मित्रांवर. माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असं त्यांना सुनावतो. आमच्या झूमवरच्या सभेत मी यातला कोण होतो, हे सांगायला नकोच.

आणि स्तोत्रसंहिता. हिब्रूत त्या पुस्तकाचं नाव तेहिलीम, म्हणजे स्तुती. दीडशे स्तोत्रं, आणि त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश रडगाणी, तक्रारी, किती दिवस वाट पाहू असे सवाल. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, शेवटी वळण नाही, दिलासा नाही. ज्यांनी संग्रह केला त्यांना ते काढून टाकता आलं असतं. त्यांनी ते ठेवलं, आणि ज्या पुस्तकाचं नाव स्तुती त्यात ठेवलं. म्हणजे त्यांच्या लेखी देवासमोर खरं रडणं ही स्तुतीच्या बाहेरची गोष्ट नव्हती. आमच्याकडे मात्र साक्षीला उभं राहून कोणी म्हणालं की देवा, मला तुझा राग आलाय, तर पाळकसाहेब घाईने पुढचं गीत सांगतील.

पंडिता रमाबाई आपल्या घरच्या, म्हणून त्यांचंही सांगतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः. मुक्तीमध्ये स्तुतीला तोटा नव्हता. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा या बाई आभार मानत बसल्या नाहीत. त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. दुष्काळ हीच देवाची देणगी असेल तर मुलींना त्यातून काढायचं कशाला? या प्रश्नाचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

वहिनी दीड वर्ष देवळात आली नाही. मग एका रविवारी आली, मागच्या बाकावर बसली. आमच्याकडे उपकारस्तुतीच्या दानाची पाकिटं असतात, वर कारण लिहायचं, सेक्रेटरी वाचून दाखवतात. कोणाचा वाढदिवस, कोणाचं ऑपरेशन. त्या रविवारी त्यांनी वाचलं: सिलेंडरसाठी रात्रभर आमच्याबरोबर फिरलेल्या आणि पैसे न घेतलेल्या रिक्षावाल्यासाठी, शंभर रुपये. दादाच्या जाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. सेक्रेटरी क्षणभर थांबले, मग पुढचं पाकीट घेतलं. तेव्हापासून दर मे महिन्यात तिचं पाकीट असतं. एकदा वॉर्डातल्या त्या नर्ससाठी होतं जिने दादाच्या कानाशी फोन धरला होता.

आता कालच्या मुलाबद्दल. बाहेर चहा घेताना त्याला गाठलं. नोकरी कशी गेली विचारलं, तर कळलं की मालकाने दोन महिन्यांचा पगारही अडकवलाय. "मागितलास का?" "नाही काका, स्तुती केली की प्रभू मार्ग काढील."

मग त्याला फिलिप्पैची गोष्ट सांगितली. त्याला येत होतीच, म्हणजे आपल्या सगळ्यांना येते तेवढी. पौल आणि सीला, फटके, खोड्यात अडकवलेले पाय, मध्यरात्रीची गाणी, भूकंप. मी म्हटलं, पुढे वाच. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की गुपचूप जाऊ द्या यांना, तर पौल जागचा हलेना. आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, म्हणाला. आणि त्यांना यावं लागलं. रात्री गाणारा आणि सकाळी हिशेब मागणारा माणूस एकच होता.

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, नेमणूकपत्र आहे माझ्याकडे."

उद्या सकाळी दहाला आम्ही दोघं कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जातोय. वहिनीने सांगितलंय की सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून घ्या.