कार्डाचे भाडे

बँकेत पैसे ठेवले म्हणजे बँक आपल्याला व्याज देते, असे शाळेत शिकवीत. ते खोटे नाही. फक्त हिशेबाची एकच बाजू आहे. दुसरी बाजू हल्ली पासबुकात बारीक अक्षरांत छापून येते.

आमच्या शिक्रापुरात नगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांतली पुष्कळ मंडळी इथे खोल्या घेऊन राहतात. दसऱ्यानंतर शेजारच्या खोलीतला एक मुलगा पासबुक घेऊन माझ्याकडे आला.

"काका, हे दोनशे छत्तीस रुपये कशाचे कापले हो?"

"कार्डाचे वर्षाचे भाडे. दोनशे मूळ, वर छत्तीस कर."

"पण खाते उघडताना फुकट म्हणाले होते!"

तेव्हा ते फुकटच होते. पगाराचे खाते पगार येतो तोवर बँकेचे लाडके. कंत्राट संपले, पगार दुसरीकडे जमा होऊ लागला, की काही महिन्यांनी ते साधे बचत खाते होते आणि लाड आटोपतात. तीन ठिकाणी काम केलेल्या या मुलाजवळ तीन बँकांची तीन कार्डे होती. वापर एकाचा, भाडे तिघांचे! "एवढ्यात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या येतात, काका," तो म्हणाला. यावर काय बोलावे ते मला सुचेना.

रक्कम लहान असते, म्हणून कोणी भांडायला जात नाही. पण थेंबे थेंबे तळे साचते, ते कुणाचे? पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक आशिष दास यांनी २०२१ साली हा हिशेब मांडला. गरिबांसाठी असलेल्या मूलभूत बचत खात्यांवर महिन्यात चारांहून अधिक व्यवहार झाले, की स्टेट बँक पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत असे. मग तो व्यवहार कार्डाने दुकानात केलेला का असेना. अशी खाती सुमारे १२ कोटी, आणि २०१५ ते २०२० मध्ये जमा झालेली रक्कम ३०० कोटींवर! रुपे कार्ड व यूपीआयवर १ जानेवारी २०२० नंतर घेतलेले असे शुल्क परत करा, असे प्रत्यक्ष कर मंडळाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बँकांना सांगितले होते.

ओरड केल्याने काय होते, असे विचारणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. २०११ च्या सप्टेंबरअखेर बँक ऑफ अमेरिकेने डेबिट कार्ड वापरणाऱ्यांकडून महिना पाच डॉलर घ्यायचे जाहीर केले. दुकानदारांकडून मिळणाऱ्या शुल्कावर कायद्याने मर्यादा आली होती. ती तूट गिऱ्हाइकाकडून भरून काढायची होती. बावीस वर्षांच्या एका मुलीने विनंतीपत्र काढले, सुमारे तीन लाख लोकांनी सह्या केल्या, आणि १ नोव्हेंबरला बँकेने बेत सोडून दिला. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरांतील नव्या खात्यांना ५०,००० रुपये किमान शिल्लक सांगितली, गवगवा झाला, आणि काही दिवसांतच आकडा १५,००० वर उतरला.

तेव्हा वाचकहो, चार गोष्टी ध्यानात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सहा महानगरांच्या यादीत पुणे नाही. म्हणून इथे दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार मोफत, महानगरांत मात्र तीनच. नुसती शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. मर्यादा ओलांडली, की १ मे २०२५ पासून एका वेळेला २३ रुपयांपर्यंत शुल्क, अधिक कर. म्हणजे २७ रुपये १४ पैसे. यंत्रात नोटाच नसल्या, तर तो प्रयत्न मोजायचा नाही, असा २०१९ चा नियम आहे.

ज्यांना पगार बेताचा आहे त्यांनी मूलभूत बचत खाते मागून घ्यावे. त्याला किमान शिलकीची अट नाही आणि कार्डाला वार्षिक शुल्क नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. जुनी, पडून राहिलेली खाती अर्ज देऊन बंद करावीत. कार्ड कातरीने कापले म्हणून भाडे थांबत नाही. कापलेली रक्कम गैर वाटली, तर आधी बँकेला लेखी कळवावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. त्याच्याकडे तक्रार करायला फी पडत नाही.

लक्ष्मीपूजनाला व्यापारी आपल्या वहीची पूजा करतो. तुमची-आमची वही म्हणजे पासबुक. यंदा त्यावर हळदकुंकू वाहण्याआधी ते भरून आणा, घरातल्या सर्वांसमोर वर्षाची पाने वाचा, आणि ज्या रकमेचा अर्थ लागत नाही तिच्याखाली रेघ ओढा. पाडव्यानंतर बँक उघडली, की ती रेघ दाखवून विचारा. पैसे तुमचेच आहेत, विचारायला संकोच कसला?