उन्हाचा सल्ला

गेल्या मार्चमधली गोष्ट. माझी भाची आमच्या गच्चीवर सकाळी अकराच्या उन्हात अर्धा तास बसली आणि जिना उतरताना कठडा धरून मध्येच थांबली. "मामा, डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय." उन्हात बसण्याचा सल्ला माझाच होता.

तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. एरवी आपलं रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच या आजारात उलटते आणि मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खाऊ लागते. विजेच्या तारेवरचं प्लॅस्टिक उंदरानं कुरतडावं तसं. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक, आणि तेही बहुधा ऐन विशी-तिशीत.

सल्ला मी काही हवेत दिला नव्हता. विषुववृत्तापासून दूरच्या, कमी उन्हाच्या मुलुखात हा आजार जास्त, हे निरीक्षण जुनंच. २००६ साली अमेरिकी सैन्यातल्या सत्तर लाखांवर माणसांमधून याचे २५७ रुग्ण शोधून, आजारापूर्वी साठवून ठेवलेलं त्यांचं रक्त तपासलं गेलं. गोऱ्या सैनिकांत ज्यांच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व जास्त, त्यांना आजाराचा धोका कमी दिसला. प्रतिकारशक्तीच्या पेशी हे जीवनसत्त्व ओळखतात आणि त्यानं त्यांचा भडका आवरला जातो, हेही वाचलं होतं. झालं! उभी हयात बँकेत काढलेला माणूस मी. खात्यात शिल्लक कमी, तर भरणा करा, इतका सरळ हिशेब मांडला. आपलं कोवळं ऊन यासाठी फारसं कामाचं नाही, सूर्य वर आल्यावरच कातडीत 'ड' नीट तयार होतं, म्हणून अकराची वेळही मीच काढली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आवरण गेलेल्या तंतूंमधून उष्णतेनं संदेश आणखी रखडतात. अंग निवलं की बहुधा पूर्ववत होतं. तासाभरानं तिला दिसू लागलं. तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत.

कमतरता हे आजाराचं एक कारण असेल, पण एकटं नव्हे. एपस्टाइन-बार विषाणूचा फार मोठा वाटा २०२२ साली पुढे आला. आनुवंशिकता आहेच, मुंबईतल्या पारशी समाजात हा आजार इतरांपेक्षा अधिक आढळतो, ऊन तर सगळ्यांना तेच. आणि आजार जडल्यावर 'ड' देऊन काय साधतं? बऱ्याच चाचण्यांत हाती फारसं लागलं नाही. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत मात्र पहिल्या झटक्यानंतर लगेच, दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिलेल्यांत दोन वर्षांत ६० टक्क्यांचा आजार पुन्हा हलला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ७४ टक्क्यांचा. आशा वाटावी असा फरक आहे. पण ते डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. मनानं घेत राहिलं तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं कामातून जाऊ शकतात.

खरं सांगायचं तर उन्हापेक्षा मला दुसरंच बोचतं. त्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "मामा, 'ड'नं भागणार असेल तर इंजेक्शनं थांबवून बघू का?" आणि मी म्हणालो होतो, "बघ, विचार कर." नाही म्हणालो नव्हतो.

तिनं थांबवली नाहीत. 'ड'ची गोळीही घेते, डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच. गच्चीवर आता दिवे लागणीला येते. मी माठातलं पाणी घेऊन वर जातो.