खांब तोच, नजर निराळी

डोंबिवलीची ओळख सांस्कृतिक नगरी अशी करून दिली जाते आणि ती अकारण नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची येथे रुजलेली प्रथा पुढे राज्यातील अनेक शहरांनी उचलली. भरतनाट्यम्, कथ्थक, लावणी, बॉलिवूड नृत्य, झुंबा अशा सर्व प्रकारांचे वर्ग येथे चालतात आणि त्यांना पालकांचे प्रोत्साहनही असते. मात्र खांबाच्या आधाराने केल्या जाणाऱ्या एका नृत्याचे, म्हणजे पोल डान्सचे, नाव निघाले की याच सुसंस्कृत दिवाणखान्यात अवघडलेली शांतता पसरते. ते शिकू पाहणाऱ्या तरुणीला बहुधा मुंबईच्या पश्चिम उपनगरांची वाट धरावी लागते आणि घरी अनेकदा ‘फिटनेसचा क्लास’ एवढेच सांगून वेळ निभावून न्यावी लागते.

वरवर पाहता हा एका महानगरी छंदाचा प्रश्न आहे. परंतु महाराष्ट्रापुरता विचार केल्यास त्याला दोन अंगे आहेत. खांबावरच्या कसरतीची मोठी परंपरा याच मातीतली आहे. आणि स्त्रीने पैसे घेऊन नाचावे की नाही, या प्रश्नावर कायदा व न्यायालये यांच्या पातळीवर प्रदीर्घ झगडाही याच राज्याने पाहिला आहे. त्यामुळे पोल डान्सकडे पाहण्याची आपली दृष्टी तपासताना या दोन्हींचा हिशेब मांडणे भाग आहे.

कातडीची पकड

पोल डान्समध्ये वापरला जाणारा खांब धातूचा असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत त्याचा व्यास ४५ मिलिमीटर आणि उंची सुमारे ४ मीटर असते. दोन खांब मांडले जातात. एक स्थिर, दुसरा स्वतःभोवती फिरणारा. नर्तकीचे सारे वजन तळहात, काख, कोपराची व गुडघ्याची खोबण आणि मांड्या यांच्या पकडीवर पेललेले असते. कापड धातूवरून घसरते, कातडी धरून ठेवते. तोकडा पोशाख हा या कलेतील सर्वाधिक आक्षेपाचा विषय, पण त्यामागचे पहिले कारण हे असे निव्वळ यांत्रिक आहे.

शिकणाऱ्यांचा आरंभीचा काळ काळ्यानिळ्या डागांचा असतो. प्रथम पकड, मग चढण, मग डोके खाली व पाय वर नेणे, असा क्रम असतो. मनगट, खांदा आणि पोटाचे स्नायू तयार झाल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येत नाही. कसरत अंगवळणी पडल्यावर खरी सर्जनशील वाटचाल सुरू होते: दोन आकृत्यांना जोडणारी हालचाल कोणती, संगीताच्या कोणत्या जागेवर थांबायचे, फिरत्या खांबाचा वेग अंग आखडून वाढवायचा की पसरून कमी करायचा, हे प्रत्येकीला स्वतः शोधावे लागते. कोणी क्रीडेकडे वळते, कोणी समकालीन नृत्याकडे, तर कोणी या कलेच्या क्लबांतील मूळ मादक शैलीकडे. मुंबईत या नृत्याचे शिक्षण देणाऱ्या आरंभीच्या व्यावसायिक कलावतींत आरिफा भिंदरवाला यांचे नाव घेतले जाते. २०१७ च्या ‘अ जंटलमन’ या चित्रपटात जॅकलिन फर्नांडिस यांनी ते पडद्यावर केले. पडद्यावरच्या नृत्याला टाळ्या मिळतात. शेजारच्या इमारतीतील मुलीने तेच शिकावे, याला संमती मिळत नाही.

घरचाच खांब

पकडीचा हाच नियम मराठी माणसाला शाळेच्या पटांगणावरून परिचित आहे. मल्लखांबपटू लंगोट लावून खांबावर चढतो, तो याच कारणाने. तेथे खांब सागाचा वा शिसवाचा, बुंध्याशी जाड व वर निमुळता. त्याला एरंडेल तेल चोळलेले. अढी, तिढी, बगली, दसरंग, सुईदोरा, फरारा, ताजवा ही त्यावरील कौशल्यांची नावे म्हणजे मराठी भाषेचे एक वेगळेच धन आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या विद्येचा उल्लेख असल्याचे सांगितले जाते. तिचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांनी केले, अशी परंपरा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखविली. १९८१ मध्ये मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी राहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. २०२१ साठीचा अर्जुन पुरस्कार हिमानी परब या मल्लखांबपटू तरुणीला मिळाला, तर २०२४ मध्ये दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे पद्मश्रीचे मानकरी ठरले.

मल्लखांबातूनच पोल डान्स जन्माला आला, असे म्हणणे घाईचे ठरेल. चिनी सर्कशीतील खांब, पाश्चात्त्य फिरत्या जत्रांतील खेळ आणि उत्तर अमेरिकेतील रात्रीचे क्लब अशा अनेक प्रवाहांतून तो घडला आहे. तथापि खांबक्रीडेचे पुरस्कर्ते स्वतः आपल्या पूर्वजांत मल्लखांबाची गणना आवर्जून करतात. प्रतिष्ठा मिळविण्यासाठी त्यांना तो पूर्वज हवा आहे. उलट मल्लखांबाच्या क्षेत्रातील अनेकांना मात्र हे नाते सांगितलेले रुचत नाही.

मल्लखांबातही स्त्रीची वाट सरळ नव्हती. दीर्घकाळ मुलींसाठी दोरीचा मल्लखांब योग्य आणि पुरलेला खांब मुलांचा, अशी वाटणी रूढ होती. आज मुली पुरलेल्या खांबावरही स्पर्धेत उतरतात. हा बदल कोणत्याही आंदोलनाने झाला नाही. व्यायामशाळांनी मुलींना वेळ, जागा आणि शिक्षक दिले म्हणून झाला. दृष्टिहीन मुलींनाही दादरच्या याच मंदिराने मल्लखांब शिकविला. कला आणि क्रीडा यांना समाज कसा उभा राहतो, याचे हे जवळचे उदाहरण होय.

कायद्याच्या कठड्यात

दुसरे अंग कटू आहे. ऑगस्ट २००५ मध्ये राज्य सरकारने मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्स बारवर बंदी घातली. मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यात हजारो स्त्रियांची रोजीरोटी एका फटक्यात गेली. बंदीतून तारांकित हॉटेले, क्लब व जिमखाने यांना मात्र सूट होती. म्हणजे आक्षेप नृत्याला नव्हताच. ते कोणी करावे आणि कोणापुढे करावे, याला होता. वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय बारगर्ल्स युनियनसह अनेकांनी या बंदीला आव्हान दिले. समतेचा आणि व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो, या कारणावरून एप्रिल २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्यानंतर २०१४ ची दुरुस्ती आली, मग २०१६ चा नवा कायदा आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील सीसीटीव्हीची सक्ती, बार व रंगमंच यांच्यातील भिंत, शाळा व देवस्थानांपासून एक किलोमीटर अंतर यांसारख्या अटी दूर केल्या. अश्लील नृत्याची कायद्यातील व्याख्या मात्र टिकली आणि नर्तकींवर पैसे उधळण्यास असलेली मनाईही.

या सर्व वादात एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. नर्तकींची युनियन ही नाचणाऱ्या स्त्रियांनी एकत्र येण्याची या राज्यातील अलीकडची एक महत्त्वाची घटना होती. आजवर ज्यांच्याविषयी इतरच बोलत होते, त्या स्वतः मोर्चात आल्या, न्यायालयात आल्या. त्यांच्या त्या संघटनशक्तीची आठवण आज स्टुडिओत शिकणाऱ्या कोणत्याही पोल नर्तकीस क्वचितच असेल. नाव निघालेच तर ते ‘आमचे तसे नाही’ हे पटवून देण्यासाठी निघते.

सोवळेपणाची किंमत

‘आमचे तसे नाही’ हे वाक्य केवळ मराठी नाही. कॅनडाच्या फॉनिया मोंडे यांनी १९९० च्या दशकात क्लबातील हे कौशल्य सर्वसामान्य स्त्रियांना शिकविण्यास सुरुवात केली, तेव्हा क्लबातील नर्तकी याच पहिल्या शिक्षिका होत्या. पुढे २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय खांबक्रीडा महासंघ स्थापन झाला, गुणदानाची नियमावली आली, २०१७ मध्ये जागतिक क्रीडासंघटनांच्या शिखर संस्थेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. प्रतिष्ठा वाढली तशी समाजमाध्यमांवर ‘आम्ही त्या क्लबवाल्या नव्हे’ असे जाहीर करण्याची चढाओढही वाढली. ज्यांनी कला घडविली, त्यांनाच तिच्या घरातून बाहेर काढले जात आहे, असा क्लबातील नर्तकींचा प्रत्यारोप होता आणि तो निराधार नव्हता.

भारताला हा खेळ नवा नाही. डोंबिवलीच्या वर्गांत आज मुली ज्या श्रद्धेने भरतनाट्यम् शिकतात, ते नृत्य शंभर वर्षांपूर्वी देवदासींचे म्हणून त्याज्य मानले जात होते. १९३० च्या दशकात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्यासारख्यांनी ते प्रतिष्ठित घरांतील मुलींपर्यंत नेले. नृत्य वाचले, वाढले, जगभर पोहोचले. पण ज्या घराण्यांनी ते शतकानुशतके जपले, त्यांतील बहुतेक स्त्रिया रंगमंचाबाहेरच राहिल्या. त्या परंपरेतील थोर कलावती बालसरस्वती यांनी या ‘शुद्धीकरणा’वर आयुष्यभर आक्षेप घेतला. कलेला मान मिळाला, कलावतींना नाही, असा हा निष्कर्ष आहे. पोल डान्सची वाटचाल त्याच दिशेने होणार असेल, तर तीत नवे ते काय?

आधार म्हणजे काय?

पोल डान्सच्या वर्तुळात ‘एकमेकींना आधार देणारा समुदाय’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. त्यांचा पहिला अर्थ अगदी शब्दशः आहे. उलटे लटकणाऱ्या मुलीखाली हात धरून उभी राहणारी दुसरी असावी लागते. खाली जाड गादी आणि वर पक्का कसलेला खांब असावा लागतो. विश्वास येथे भावनेतून येत नाही, सुरक्षिततेतून येतो. वयाची, बांध्याची, विवाहित-अविवाहित अशी कोणतीही पूर्वअट नसल्याने अनेकींना आपल्या शरीराकडे तक्रारीविना पाहण्याची संधी येथे प्रथमच मिळते. ही जमेची बाजू लहान नव्हे.

परंतु उपनगरात असा समुदाय उभा करायचा, तर प्रश्न व्यावहारिक आहेत. सदनिकेच्या छताची उंची पुरत नाही. उंच छताची जागा भाड्याने घ्यावी, तर शुल्क वाढते आणि कला पुन्हा सधनांपुरती उरते. डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला जाणारी स्त्री लोकलच्या गर्दीतून घरी पोहोचते तेव्हा तिच्याजवळ उरलेला वेळ तासा-दीड तासाचा असतो. तेवढ्यासाठी अंधेरी-वांद्र्याचा फेरा शक्य नाही. शिकविणाऱ्याची पात्रता कोण तपासणार, दुखापतीची जबाबदारी कोणाची, सरावाचे छायाचित्रण कोणाच्या परवानगीने होणार आणि ते समाजमाध्यमांवर गेल्यास काय, या प्रश्नांची उत्तरेही लिखित स्वरूपात हवीत. स्वतःच्या छायाचित्रावर स्वतःचा अधिकार नसेल, तर ‘आधार’ हा शब्द पोकळ ठरतो.

यांपैकी काही उत्तरे व्यायामशाळांच्या जुन्या चौकटीत सापडतात. उंच छत, मऊ जमीन, मुलींची स्वतंत्र वेळ, जाणत्या विद्यार्थ्याने नवख्याला शिकविण्याची रीत आणि परवडणारे शुल्क ही मल्लखांबाच्या जगाची पुंजी आहे. दिवसाचा एखादा तास तेथे धातूच्या खांबाला मिळाला, तर परंपरेचे काही बिघडणार नाही. उलट लाकडी खांबावरील अढीची शिस्त आणि नृत्यातील लयीचा शोध यांचा एकमेकांस लाभच होईल. त्यासाठी मल्लखांबाच्या जाणकारांनी नाक मुरडणे सोडले पाहिजे, आणि पोल नर्तकींनीही ‘हे नृत्य नाही, हा केवळ व्यायाम आहे’ या सोयीच्या आडोशामागे लपणे थांबविले पाहिजे. ते नृत्य आहे, त्यात देहाचे भान आहे, आणि ते लपविण्याजोगे नाही.

लंगोटातील मुलाच्या ताजव्याला टाळी आणि तोच तोल सांभाळणाऱ्या मुलीवर कुजबूज. तारांकित हॉटेलातील नृत्य ती कला आणि महामार्गावरील बारमधले ते अनाचार. हा भेद खांबाने केलेला नाही, तो पाहणाऱ्याने केलेला आहे. न्यायालयांनी कायद्यापुरता तो दूर केला. मनातला भेद दूर करणे न्यायालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही. सांस्कृतिक नगरी म्हणविणाऱ्या शहराची कसोटी अशा वेळीच लागते. संमेलने आणि यात्रा भरविणे तुलनेने सोपे असते. रात्री साडेनऊला वर्गाहून परतणाऱ्या मुलीने आपण काय शिकतो हे घरात मोकळेपणाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने पुढचा प्रश्न ‘पडलीस तर नाही ना?’ एवढाच विचारावा, हे त्याहून अवघड आहे.